चार मिलिमीटर

एका उकडलेल्या अंड्यावरून बिरूनं विक्याचा जबडा मोडला. अख्खं अंडंही नव्हतं ते, पिवळं काढून टाकलेलं अर्धं पांढरं. आणि मोडला तो हातानं नव्हे, अडीच किलोच्या लोखंडी प्लेटनं.

विक्या काही परका नव्हता. दहा वर्षं दोघं जोडीनं व्यायाम करत होते. एकाच्या छातीवर बार आला की दुसरा त्याच्या डोक्याशी उभा, कपडे एकमेकांचे, डबा तर कुणाचा कुणी खाल्ला याचा हिशेबच नाही. जयसिंगपूरच्या सहाव्या गल्लीतल्या 'नवजीवन' जिममध्ये त्या सकाळी व्यायाम आटोपून सगळे खाली फरशीवर डबे उघडून बसले होते. विक्याचं संपलं, म्हणून त्यानं नेहमीच्या सवयीनं बिरूच्या डब्यात हात घातला. बिरू उठला, रॅकवरची प्लेट काढली आणि बसलेल्या विक्याच्या तोंडावर आडवी हाणली. एकदा नाही, तीनदा.

मालन शिंगाडे दुपारचे डबे घेऊन नेमकी तेव्हाच दारात आली होती. जिममधल्या चौदा पोरांचे दोन्ही वेळचे डबे तीच करायची. बिरू तिच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा, सहा वर्षांचा असल्यापासून तिच्याच घरात वाढलेला आणि आता सव्वीसचा झालेला. हाड मोडल्याचा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता, पण तो कोंबडीच्या हाडाचा. हा आवाज जाड होता, आणि त्याच्या मागोमाग विक्याच्या घशातून जे काही निघालं ते तिला पुढं कित्येक दिवस भांडी घासताना ऐकू येत राहिलं.

तरी तिचं काळीज हललं ते या मारानं नव्हे. बिरूनं प्लेट टाकली, खाली वाकला, रक्तात आणि दोन दातांत पडलेलं ते अर्धं पांढरं उचललं, भिंतीकडं तोंड केलं आणि सगळ्यांकडं पाठ करून खाऊन टाकलं.

जिमचे मालक आणि कोच सुकुमार सर आतल्या खोलीतून धावत आले. त्यांनी विक्याच्या हनुवटीला टॉवेल बांधला, त्याला गाडीत घातलं आणि जाता जाता मालनला बाजूला घेऊन समजावलं की स्पर्धेच्या तयारीत असं होतंच. मीठ तोडलंय, भात कमी केलाय, पोरं चिडणारच. त्यांच्या काळात त्यांनी स्वतः सख्ख्या भावाच्या अंगावर गरम चहा फेकला होता. दवाखान्यात विक्यानं पाटीवर लिहून दिलं की प्लेट निसटून पडली.

खरी गोम इथंच होती. या धंद्यात स्पर्धेच्या आधीचा महिनाभर जो तो चावायलाच उठलेला असतो. त्यामुळे एखादा खरोखरच पिसाळला तर ते कुणाला कळणार? उलट पोरगं चांगलं वाळलंय, तयारी रंगात आलीय, असंच सगळे म्हणणार. आणि म्हणालेही तसंच.

पोटावरचे ते सहा चौकोन प्रत्येकाला असतात. साखर कारखान्याच्या चेअरमनलाही असतात. दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर चरबीचं पांघरूण असतं, आणि पोटाचे हजार व्यायाम केले तरी ते पांघरूण तिथूनच उतरत नाही. चरबी कुठून काढायची हे शरीर स्वतः ठरवतं. चरबीच्या पेशीला दोन तऱ्हेची दारं असतात. रक्तातून 'साठा सोड' असा संदेश आला की पहिल्या तऱ्हेची उघडतात, आणि तोच संदेश आला की दुसऱ्या तऱ्हेची आणखी घट्ट बसतात. गालांत, दंडांत पहिली जास्त. बेंबीच्या खाली दुसरीच जास्त. म्हणून डाएट करणाऱ्याचा आधी चेहरा उतरतो, मग हात, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा चालवला ते पोट सगळ्यांत शेवटी.

सुकुमार सरांची जुनी पद्धत या हट्टी दारांपुढं मान तुकवणारी होती. चौदा आठवडे लागतील म्हणजे लागतील. गरजेपेक्षा थोडंच कमी खायचं, एकदम उपाशी मारायचं नाही. वजनाच्या हिशेबानं अंडी, चिकन, मोडाची कडधान्यं. जड वजन घेऊन बैठका, जड वजन ओढणं, कारण स्नायू टिकला तर चरबी जाळायला चूल राहते. रोज तासभर चालणं आणि आठ तास झोप. दर सोमवारी सर प्रत्येकाच्या बेंबीशेजारची कातडी अंगठा आणि बोटात धरायचे आणि डोळे मिटून सांगायचे, अजून तीन आठवडे. यंत्रानं मोजलं तरी अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघायचा नाही. मालनलाही वजनकाट्यावर स्वयंपाक करायला त्यांनीच शिकवलं. फक्त एवढं करूनही तीस वर्षांत त्यांचा एकही पोरगा शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत 'घाटमाथा श्री' झाला नव्हता. दुसरा आला, तिसरा आला, पहिला कधी नाही.

मग बिल्ला आला. कंपनीनं त्याला लांबलचक नाव ठेवलं होतं, पोरांनी आठवड्याभरात त्याचा बिल्ला केला. बेंबीच्या खाली चिकटवायची पापडीएवढी चकती. तिच्या आतल्या अंगाला केसाहून बारीक सुया. सुयांतून एक द्रव्य सुटतं आणि ती हट्टी दारं उलटी होतात, कोंडायची ती सोडायला लागतात. सुटलेली चरबी अंगाची उष्णता होऊन जाते, त्यामुळे बिल्लेवाली पोरं ऐन डिसेंबरातही पंख्याखाली बसायची. चकती दर तासाला पोटावरचा थर मोजते. चार मिलिमीटरच्या वर गेला की द्रव्य वाढवते, खाली आला की कमी करते. बस्स, एवढंच तिला कळतं.

दोन वर्षांत कारकून, दुकानदार, नवरदेव सगळ्यांची पोटं चौकोनी झाली. लग्नाच्या बायोडाट्यात उंचीच्या खाली मिलिमीटर लिहायची पद्धत पडली. स्पर्धावाल्यांनी बिल्ल्याला आधी बंदी घातली, मग स्पर्धकच येईनात तेव्हा मुकाट्यानं परवानगी दिली. सरांनी वर्षभर दम धरला. जिम रिकामी पडायला लागली तशी त्यांनीही एक पेटी मागवली. सोमवारी कातडी चिमटीत धरायची सवय मात्र सुटली नाही. चार मिलिमीटर आहे हे माहीत असतानाही ते धरायचे आणि उगाच चार म्हणायचे.

बिरूच्या पोटावर बिल्ला बसला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मालननं पहिला चमचा घातला.

कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. पोरगं जेवायला बसलं होतं, गालफडं बसलेली, आणि पुढ्यात कोरडा फटफटीत भात. आई वारल्यावर हा पोरगा तिच्याकडं आला तेव्हा दोन महिने तुपाशिवाय घास गिळत नव्हता. कोरडं जेवण तिनं आयुष्यात कुणाला वाढलं नव्हतं, डब्यांचा धंदा सुरू केला तेव्हापासून मात्र रोज अठ्ठावीस कोरडे डबे भरत होती आणि रोज तिच्या जिवावर येत होतं. बाकीच्यांच्या आया बघून घेतील, असं म्हणून तिनं बिरूच्या भातात चमचाभर तूप जिरवलं. दुसऱ्या दिवशी फोनवर येणारा बिल्ल्याचा आकडा भीत भीत पाहिला. चार मिलिमीटर.

मग काय, तिची भीडच चेपली. दोन चमचे झाले, चार झाले. भाजीत शेंगदाण्याचं कूट गेलं. महिन्याभरात अर्धी वाटी तूप त्या डब्यात बेमालूम मुरायला लागलं, आणि डब्याचं एकूण वजन बरोबर भरावं म्हणून तेवढं चिकन ती काढून ठेवायची. आकडा चारावर ठाम. बिरूलाही चव कळत असणार, पण तो काही बोलला नाही. मालनला वाटलं, देवानं शेवटी एक शहाणं यंत्र काढलं. पोराला पोटभर खाऊ घालायचं आणि त्याचं पोटही सुटायचं नाही, यापरतं सुख कोणतं? ती त्या दिवसांत खरोखर आनंदात होती, आणि हे नंतर तिला सगळ्यांत जास्त लागलं.

अंड्याच्या प्रकरणानंतर आठ दिवसांनी बिरूनं स्टँडवरच्या वडेवाल्याची बोटं गाड्याच्या झाकणात चेपली. त्या बिचाऱ्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं होतं. मग दारातलं कुत्रं. खरकट्या पाण्यापाशी रोज यायचं ते, बिरूनंच पिलू असताना आणलेलं. बिरू पायरीवर डबा खात होता, कुत्रं शेपूट हलवत दोन पावलं पुढं आलं, त्यानं लाथ घातली आणि ते आडवं झाल्यावरही थांबला नाही. मालन ओरडत होती, शेजारचे ओरडत होते, तो डबा डाव्या हातानं छातीशी धरून लाथा घालत होता. कुत्र्याचं काही ओळखण्यासारखं उरलं नाही. नंतर त्यानं पायरी स्वतः धुतली आणि राहिलेलं जेवण संपवलं.

स्पर्धेला चार दिवस उरले होते त्या बुधवारी दुपारी तो वजनकाटा घेऊन स्वयंपाकघरात आला. डब्यातलं चिकन त्यानं वेगळं काढून तोललं होतं.

"मावशे, ऐंशी ग्रॅम कमी भरतंय."

मालनला हसूच आलं, चोरी अशी पकडली जाईल असं तिला वाटलं नव्हतं. ती काहीतरी सांगायला गेली.

"तू खाल्लंस," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

त्यानं तिचा उजवा हात मनगटाजवळ धरला आणि ओट्याच्या कडप्प्याच्या कडेवर आपटला. पहिल्याच आपटीत हाड गेलं. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा ती खाली बसली होती. केसांना धरून त्यानं तिचं डोकं मागं केलं, तिचं तोंड उघडून आत बोटं घालून पाहिलं, दाताखाली काही सापडतंय का म्हणून. मग कढईतलं चिकन उभ्या उभ्या, कढत असतानाच, हातानं संपवलं. तिच्याकडं त्यानं एकदा पाहिलं. वीस वर्षं जिला हाक मारली तिला ओळखल्याची खूण त्या नजरेत नव्हती. मालन वेदनेनं रडली नाही, त्या नजरेनं रडली.

स्टेशनजवळच्या दवाखान्यात डॉक्टर तस्लीम मुजावर यांनी तिचा हात प्लास्टरात घातला. विक्याच्या जबड्याला तारही त्यांनीच बांधली होती आणि वडेवाल्याची बोटंही त्यांच्याकडंच आली होती. बाई तरुण होत्या पण आडून विचारणाऱ्या नव्हत्या. तिन्ही माणसं एकाच पोरानं मोडली का, असं त्यांनी सरळ विचारलं आणि बिरूच्या बिल्ल्याची नोंद बघायला मागितली. डबेवाली म्हणून ती मालनच्या फोनवर यायचीच. बाईंनी आकडे वरून खालपर्यंत पाहिले. दिवसाला अठराशे कॅलरीचा आहार लिहिलेला, आणि यंत्र जाळत होतं एकतीसशे. मधले तेराशे कुठून येतात?

मालननं सांगितलं. चमच्यापासून वाटीपर्यंत सगळं.

बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्यांनी नीट समजावून सांगितलं. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती बोलते. भरलेली पेशी मेंदूला रक्तातून सारखा निरोप धाडत असते, घरात धान्य आहे, निवांत राहा. पण पेशीची दारं उघडी असली की निरोप थांबतो. मोजून खाणाऱ्या माणसाला बिल्ल्याचं द्रव्य थोडंच लागतं, निरोप जरा मंदावतो, माणूस किरकिरा होतो, इतकंच. बिरूच्या पोटात मात्र जेवढं तूप जात होतं तेवढं द्रव्य वाढत होतं, दारं आठही प्रहर सताड उघडी, निरोप साफ बंद. पोट भरलेलं आणि मेंदूच्या लेखी दुष्काळ. दुष्काळात सापडलेला मेंदू नाती बघत नाही. अन्नाच्या जवळ कोण आहे एवढंच बघतो, आणि जो असेल तो चोर.

"म्हंजे मी जितकं घातलं तितका त्यो उपाशी ऱ्हायला?" मालननं विचारलं.

"हो."

"मग कंपनीनं ह्ये तपासलं न्हवतं व्हय?"

"तपासलं की. सहाशे माणसांवर, एका बंद इमारतीत, प्रत्येक घास तोलून." बाईंनी फोन तिला परत दिला. "तिथं कुणाची मावशी नव्हती."

त्यांनी बजावून सांगितलं, आधी बिल्ला काढा. बिल्ला पोटावर असताना जेवण तोडू नका, पाणी तर मुळीच नको, आणि तो आहे तोवर त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या हातात अन्न दिसू देऊ नका. निरोप पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतील.

मालन तशीच प्लास्टर घेऊन जिममध्ये गेली आणि सरांना सगळं सांगितलं. तुपाचंही. सुकुमार सर ऐकत असताना त्यांचा अंगठा आणि बोट हवेतच काहीतरी चिमटीत धरत होते. माणूस वाईट नव्हता. विक्याच्या दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी उचलला होता आणि बिरूला ते मुलासारखं मानायचे. पण स्पर्धा रविवारी होती, आणि बिरूसारखं पोट त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चार दिवस, मालनताई," ते म्हणाले. "स्टेजवरनं उतरला की माझ्या हातानं काढतो. आईशप्पथ."

मालन हो म्हणाली. तिला कुणी धमकावलं नव्हतं, फसवलं नव्हतं. बिरूचा चेहरा, पहिला नंबर, फोटो, हे सगळं तिच्याही डोळ्यांपुढं होतंच. तूप ही तिची चूक अजाणता झालेली होती. ही जाणूनबुजून केलेली. चार दिवस बिरूला आतल्या खोलीत एकट्याला जेवायला दिलं, डबा दारातून सरकवून. शनिवारपासून सरांनी त्याचं पाणीही तोडलं, कातडी स्नायूला चिकटावी म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळेच तोडतात. डॉक्टरबाईंनी नको म्हटलं होतं, तरी ही रीत सरांना मोडवली नाही.

रविवारी सांगलीच्या मैदानावर मांडव भरून माणसं होती. दुपारचे चार. अंगाला तांबूस रंग आणि तेल लावलेले सतरा जण स्टेजवर उभे राहिले, आणि बिरू पुढं आला तेव्हा मांडवात क्षणभर कुणी शिट्टीही मारली नाही. पोटावरचे चौकोन आणि त्यांच्यामधल्या शिरा शेवटच्या रांगेतून मोजता येत होत्या. बाकीच्यांचाही थर चारच मिलिमीटर, पण त्यांच्या अंगात महिनोन् महिने अर्धी वाटी तूप गेलेलं नव्हतं. बिरूचा स्नायू भरलेला होता आणि कातडी कागदाची. पंचांनी त्याला दोनदासुद्धा वळायला लावलं नाही. घाटमाथा श्री, बिरुदेव पुजारी, नवजीवन, जयसिंगपूर.

सुकुमार सर रडत रडतच स्टेजवर चढले. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

नवजीवनची रीत होती ती. निकाल लागला की पहिला गोड घास कोचनं स्वतःच्या हातानं भरवायचा, आणि मग तोच बॉक्स हरलेल्यांपुढं धरायचा, म्हणजे मनात काही राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरालासुद्धा सरांनी ही रीत कधी चुकवली नव्हती. चार दिवस डबा दारातून सरकवणाऱ्या त्या दोघांपैकी एकालाही या पेढ्यांची आठवण झाली नाही. ते अन्न आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. तो आनंद होता.

सरांनी बिरूला पेढा भरवला. बिरूनं तो चावलाही नाही, गिळला. सर वळले आणि बॉक्स दुसऱ्या नंबराच्या पोरापुढं धरला. त्या पोरानं हात पुढं केला.

बिरूनं सरांना मागून मानेला धरून उचललं. बासष्ट वर्षांचा माणूस, पाय हवेत. त्यानं त्यांना स्टेजच्या लोखंडी पायरीवर तोंडावर आदळलं, उचललं, पुन्हा आदळलं. दुसऱ्या नंबराचा पोरगा सोडवायला आला, त्याच्या कानाचा लचका बिरूच्या दातात राहिला. दोन स्वयंसेवक चढले आणि तसेच खाली फेकले गेले, एकाच्या नाकातून रक्ताची धार लागली. लोक खुर्च्या तुडवत मागं पळत होते. सरांचा चेहरा आता चेहऱ्यासारखा नव्हता आणि तरी बिरू त्यांच्या छातीवर बसून त्यांच्या मिटलेल्या मुठी उघडून बघत होता.

पहिल्या रांगेतून मालन उठली. सगळे मागं पळत असताना ती पुढं गेली. शौर्यबिर्य काही नव्हतं त्यात. तिला फक्त एक गोष्ट माहीत होती, जी त्या हजार माणसांत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. तिनं स्टेजवर सांडलेला बॉक्स डाव्या हातानं उचलला.

"बिरू, हिकडं बग. मी खातीया."

आणि तिनं पेढा तोंडात कोंबला. मग दुसरा.

बिरूनं सरांना सोडलं. तो आला तेव्हा तिनं प्लास्टरचा हात आडवा धरला, तो त्यानं एका फटक्यात बाजूला केला आणि तिचा गळा आवळला. मालनच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं बॉक्स टाकला आणि मोकळा हात खाली नेला, त्याच्या चड्डीच्या काठाखाली चाचपला, तळव्याला गरम चकती लागली आणि तिनं ती नखं रुतवून कातडीसकट ओरबाडून काढली. रक्त तिच्या मनगटावरून वाहिलं.

काही झालं नाही. विज्ञान असं टाळी वाजवल्यासारखं चालत नसतं. बिरूचा मेंदू दुष्काळातच होता आणि त्याची बोटं आवळतच होती. मालन वाचली ती विक्यामुळं. तार बांधलेल्या जबड्यानं तो मागून आला आणि त्यानं मांडवातला लोखंडी रॉड बिरूच्या गुडघ्यावर, मग खांद्यावर, मग पुन्हा गुडघ्यावर घातला. डोक्यावर नाही घातला. मग दहा-बारा जण अंगावर पडले.

सुकुमार सर इस्पितळाच्या वाटेतच गेले.

मिरजेच्या इस्पितळात, पोलिसांच्या पहाऱ्यात, बिरूला नऊ दिवस पलंगाला बांधून ठेवलं. नळीनं अन्न दिलं. डॉक्टर मुजावर रोज जयसिंगपुरातून येऊन त्याचं पोट मोजायच्या. सहा मिलिमीटर, आठ, अकरा. सतराव्या दिवशी पोट भरलं म्हणून त्यानं पानात अर्धी भाकरी तशीच ठेवली, आणि एवढ्याशा गोष्टीवर बाई मालनला मिठी मारून हसल्या. निरोप पोचायला लागला होता.

त्याच दिवशी त्यानं सर कुठं आहेत म्हणून विचारलं. लपवणार कुठवर? पोलिसानंच सांगून टाकलं, जसं घडलं तसं. बिरूनं आपले हात बघितले, मग भिंतीकडं वळला, आणि त्यानं जेवण सोडलं. यावेळी यंत्र नव्हतं, बिल्ला नव्हता. नळी घातली तर उपसून काढायचा. पाच दिवस झाले. दुष्काळात त्यानं माणूस मारला होता, आता भरल्या पानासमोर स्वतःला मारत होता. बाईंनी हात टेकले.

आपला अहवाल त्यांनी अजून दिला नव्हता. मालनला त्यांनी स्वच्छ सांगितलं, तुपाचं लिहिलं तर कंपनी तुमच्याकडं बोट दाखवून मोकळी होईल. नाही लिहिलं तर पोरगा मुळातच तसा होता म्हणतील, आणि बिल्ला लाखो घरांत आहे, प्रत्येक घरात गुपचूप वाढणारं कुणीतरी आहे. त्यांच्या मते सरांच्या मरणात तिघांचा वाटा होता, धोक्याची घंटा नसलेलं यंत्र, चार दिवस थांबलेला कोच आणि वाटीभर तूप. मालन म्हणाली, लिहा. पण आधी मला त्याच्याशी बोलू द्या.

ती पलंगाशेजारी बसली. पुढ्यात भाकरी-भाजीचं ताट तसंच झाकलेलं होतं. तिनं बिरूच्या पाठीलाच सगळं सांगितलं. पहिला चमचा, अर्धी वाटी, काढून ठेवलेलं चिकन, डॉक्टरबाईंचा निरोप, सर आणि ती दोघं गप्प राहिले ते चार दिवस. मग तो वळला.

"म्हंजे सरांना म्या न्हाई मारलं," तो म्हणाला. "तू मारलंस."

मालनला बाईंचं बोलणं आठवत होतं. तिघांचा वाटा. तिला सरांच्या मुठी उघडणारे हातही आठवत होते. त्याच्या गालांवर आता पुन्हा थोडं मांस होतं आणि डोळे तिला ओळखत होते. ओळखून द्वेष करत होते.

"व्हय," ती म्हणाली. "मीच मारलं."

बिरूच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की दारातला पोलीस वळून बघायला लागला. तो उठून बसला, ताट ओढून घेतलं, भाकरी मोडली. पहिला घास तोंडात घेऊन तो रडायला लागला आणि रडता रडता जेवत राहिला.

"आता जा तू," तो म्हणाला. "परत येऊ नगंस."

मालन उठली. दाराच्या काचेतून तिनं त्याला दुसरी भाकरी मोडताना पाहिलं आणि मग खालच्या मजल्यावरच्या पोलीस चौकीत जाऊन जबाब दिला. हवालदार पोरसवदा होता, अक्षर सुबक होतं. सगळं लिहून झाल्यावर त्यानं विचारलं की आरोपीच्या अन्नात हे मिसळताना मनात हेतू काय होता. मालननं सांगितलं, त्याला भूक लागू नये एवढाच. हवालदारानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, मावशी, असं लिहिता येत नाही, इजा करायचा हेतू होता किंवा नव्हता, दोन्हीपैकी एक सांगा. नव्हता, मालन म्हणाली, आणि मोडलेल्या हातानं सही येईना म्हणून तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला.